भोवत्ये उघड्यावर झोपतात

१० नोव्हेंबर २०२४, रविवार. अमरावती.

सकाळी चहा गाळताना एकदम अकोल्याचं कॉन्व्हेंट आठवलं. शिवणाचा तास. आमिना आणि मी एका बाकावर, एकच रुमाल दोन टोकांनी भरत होतो. खिडकीबाहेर पत्र्यावर एक शिकारी पक्षी येऊन बसला, पायाखाली चिमणी. मी म्हणाले, ससाणा. आमिना म्हणाली, शिक्रा. मी म्हणाले, ससाणा. ती म्हणाली, शेपूट बघ ना, शिक्रा. शेवटी सिस्टरना विचारलं. सिस्टर म्हणाल्या, इट इज अ बर्ड, गर्ल्स, सिट डाउन. चिमणी गेली, पक्षी गेला, आणि रुमालावरचं फूल दोन्हीकडून वाकडं आलं. मधल्या सुट्टीत डबा मात्र एकत्रच खाल्ला.

किती साधा दिवस होता.

आमिना अजून अकोल्यातच. ज्युनिअर कॉलेजात बायॉलॉजी शिकवून रिटायर झाली. मी इथे इंग्रजी शिकवून रिटायर झाले. काल तिला माळावरचा एक फोटो पाठवला. खाली लिहिलं, पांढुरका भोवत्या, मादी, बघ किती सुंदर. तिचा रिप्लाय एका शब्दाचा. मोंटेग्यू.

सुंदर तरी म्हणायचं.

११ नोव्हेंबर

विषय वाटतो तेवढा छोटा नाही. भोवत्या म्हणजे जमिनीलगत संथ घिरट्या घालणारा शिकारी पक्षी. कझाकस्तानकडून दर हिवाळ्यात आपल्या वऱ्हाडात येतो. नवऱ्याच्या, धर्मपालच्या गावी, नांदगाव खंडेश्वरच्या पुढे, सरकारी चराईची जमीन आहे. गावात तिला ई-क्लास म्हणतात. तिथे संध्याकाळी भोवत्ये मुक्कामाला उतरतात. दोन जाती एकत्र. पांढुरका भोवत्या जगात कमी होत चालला आहे, यादीत तो 'नियर थ्रेटन्ड', संकटाच्या उंबरठ्यावर. मोंटेग्यूचा भोवत्या 'लीस्ट कन्सर्न', म्हणजे काळजी नको. नर वेगळे ओळखू येतात. माद्या दोन्हींच्या तपकिरी, जणू सख्ख्या बहिणी. पांढुरक्या मादीच्या मानेभोवती फिकट कॉलर असते, एवढाच फरक.

माझ्या फोटोत कॉलर आहे. स्वच्छ आहे. आमिनाने चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा.

हे सगळं आत्ताच का, तर सरपंच कुलदीपचा परवा धर्मपालला फोन आला होता. सोलरवाले ई-क्लास मागून राहिले, म्हणाला. रिकामीच पडली हाये. रिकामी! आता लीस्ट कन्सर्नसाठी कोण जमीन सोडतं? आमच्याच घरात बघावं. अश्विन दर रविवारी पुण्याहून फोन करतो, तो वडिलांच्या शुगरसाठी. शेवटी विचारतो, आई कशी आहे? धर्मपाल म्हणतो, तिले काय होते. फोन बंद. यादीतली माझी जागा मला माहीत आहे.

म्हणून संकल्प. माळावर पांढुरका आहे हे सिद्ध करायचं. मग एक पुस्तिका लिहायची, 'दोन भोवत्ये: एक तुलना', साध्या, गोड मराठीत. ती पंचायतीला द्यायची. माळ वाचेल. उद्यापासून सुरुवात.

१७ नोव्हेंबर, रविवार

मध्ये सुरुवात झाली नाही, पाहुणे होते.

आज माळावर गेलो. गाडी धर्मपालने चालवली, रस्ताभर कुरकुरत. नांदगावला थांबून कढीत बुडवलेला आलूबोंडा खाल्ला. शुगरचं काय, विचारलं, तर म्हणाला, हा पाखरांच्या नावानं.

सूर्य कलल्यावर एकेक भोवत्या आला. गवतावरून तरंगत, एकदा वळून, परत येऊन, हळूच खाली. गवतात गेला की गेला, दिसेनासा. पंधरा वर्षांपूर्वी आमिना आणि मी इथे पहिल्यांदा आलो तेव्हा आभाळ भोवत्यांनी भरून जायचं. आता थोडे येतात. पण आज जेवढे आले तेवढे सगळे पांढुरके. सगळ्यांना कॉलर. एकालाही नाही असं नाही. नंतर एक टिटवी उडाली, तिलाही कॉलर दिसली. ही माहिती नवीनच आहे, कोणी लिहिलेली नसावी.

परत येताना धर्मपालला म्हणाले, समोरच्या गाडीच्या लाइटभोवती बघ, किती सुंदर कडं आहे. तो म्हणाला, तुले तं ट्रकलेबी कॉलर दिसून राहिली.

दुर्बीण धुरकट झाली आहे. दुकानात साफ करायला द्यायची.

२४ नोव्हेंबर

दुकानदार म्हणतो, दुर्बीण स्वच्छ आहे. आजकाल कोणाला काम करायला नको.

१ डिसेंबर, रविवार

आमिना आली. बडनेऱ्याला स्टेशनवरून घेतलं आणि थेट माळावर गेलो. बांधावर सतरंजी घातली. तिने दुर्बीण डोळ्याला लावली आणि सूर्य बुडेपर्यंत काढली नाही. मग म्हणाली, मोंटेग्यू, मोंटेग्यू, सगळे मोंटेग्यू. मी म्हणाले, नीट बघ. ती म्हणाली, लल्ली, पस्तीस वर्षं मुलांना मी हेच शिकवलं. मी म्हणाले, म्हणूनच चुका पक्क्या झाल्या. ती हसली नाही.

म्हणाली, छोड ना यार. समज असेल एखादा पांढुरका. पुढे काय? दोघांना गवत एकच लागतं. हे झाडावर झोपत नाहीत, उंच गवतात जमिनीवर झोपतात, चारी बाजूंनी मोकळं दिसायला पाहिजे. सरपंचाला एवढंच सांग, गवत आहे तसं राहू द्या. बाकी तुलना घरी करू.

मी म्हणाले, लीस्ट कन्सर्नसाठी कोण ऐकेल?

ती म्हणाली, लीस्ट कन्सर्न म्हणजे काळजी नको असं कोणी सांगितलं तुला? म्हणजे काळजी करायला अजून वेळ आहे.

वाक्य चांगलं आहे. पुस्तिकेत घेईन, अर्थात नाव न घालता. पण मुद्द्याचं सोडून बोलायची तिची सवय जुनी. तिला मुळात माझं कौतुक होताना बघवत नाही. मी डब्यात तिच्या आवडीची पुरणपोळी नेली होती. म्हणाली, गाडीची वेळ झाली. डबा तसाच परत आला. धर्मपालने शुगर विसरून संपवला.

८ डिसेंबर

पुस्तिकेचं मुखपृष्ठ आणि अर्पणपत्रिका झाली. निम्मं काम झालं म्हणायला हरकत नाही.

२२ डिसेंबर

धर्मपालच्या शुगरसाठी डोळे दाखवायला गेलो होतो. त्याचे ठीक निघाले. डॉक्टर म्हणाले, आलाच आहात तर मॅडमचेही बघतो. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात चांगला पिकलेला. विचारलं, दिव्याभोवती कडं दिसतं का? मी म्हणाले, थोडं. सगळं फिकट, धुवट दिसतं का? मी म्हणाले, हिवाळा आहे, धुकं असतंच.

पोरगेला डॉक्टर आहे. ऑपरेशन लवकर करा म्हणतो. हंगाम संपल्यावर बघू.

पक्ष्यांशी याचा काही संबंध नाही. आमिनाला सांगायची गरज नाही.

धर्मपाल गाडीत एकटाच हसत होता. का म्हणून विचारलं तर म्हणाला, काई नाई, टिटवी आठवली.

१२ जानेवारी २०२५, रविवार

पुस्तिका थोडी बाजूला ठेवली आहे. कुलदीपचा फोन आला, म्हणाला, म्याडम, सव्वीस तारखेच्या ग्रामसभेत सोलरचा विषय हाये. तुमी दोन शब्द बोला. बायांची गर्दी राहीन, तुमाले ऐकतीन थ्या.

दोन शब्द! भाषण वहीत तीनदा लिहून काढलं. वाचताना स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं. सकाळच्या वेळी तसंही येतं.

आमिनाचा मेसेज. गवत म्हण. तीनदा म्हण.

प्रयत्न केला. पण गवत हा शब्द भाषणात बरा दिसत नाही, लगेच म्हैस डोळ्यांसमोर येते. मी 'वसुंधरेची हिरवी शाल' असं केलं. जानेवारीत माळ पिवळा पडलेला असतो हे खरं, पण भाषणात एवढं चालतं. झाडावर झोपत नाहीत हेही काढलं. नकारार्थी वाक्यांनी माणसं कंटाळतात. तीस वर्षं मुलांसमोर उभी राहिले आहे, मला कोणी हे शिकवू नये.

२६ जानेवारी, रविवार. रात्री.

विजय. शब्दच नाही दुसरा.

शाळेच्या पटांगणात सभा. झेंडावंदन झालं, संविधानाची उद्देशिका वाचली, मग मी. सुरुवात जरा डळमळली. मी म्हणाले, हे पाहुणे रोज संध्याकाळी तुमच्या ई-क्लासमध्ये उघड्यावर बसतात. मागून कोणीतरी ओरडलं, गाव हागणदारीमुक्त हाये म्याडम, फोटो काढा अन् दंड लावा त्याईले! सगळं पटांगण हसलं. आधी मला वाटलं, लोकांना विषय आवडला. मग कळलं. पण डगमगले नाही.

मी आवाज खाली आणला. म्हणाले, हजारो मैलांवरून, डोंगर आणि वाळवंटं ओलांडून ही लेकरं आपल्या दारी येतात, आणि आपल्याकडे त्यांना काय मिळतं? डोक्यावर छप्पर नाही, आडोसा नाही. जानेवारीच्या या कडाक्यात ती उघड्या जमिनीवर झोपतात हो, उघड्या जमिनीवर!

बाया रडल्या. खरंच रडल्या. बचत गटाच्या पार्बताबाई, धर्मपालच्या चुलतभावाची बायको, म्हणजे माझी जाऊच, पदर डोळ्याला लावून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, बाप्पा! येवढ्या थंडीत? अन् आमी गोधड्या घेऊन झोपतो. पाव्हण्याले कोनी उघड्यावर झोपवते का?

मग त्यांनी कुलदीपकडे बोट केलं. म्हणाल्या, सरपंच, सोलर-बिलर काई नाई पायजे. पाखराईची सोय करा पहिले.

सोलरचा ठराव नामंजूर. एकमताने. माळ वाचला.

कुलदीप म्हणाला, म्याडम, तुमी काई टेन्शन घेऊ नका, आमी हावो ना. पाखराईची अशी सोय करतो का पाहत राहाल.

पांढुरका-मोंटेग्यू हा विषय वेळेअभावी राहिला. काही बिघडलं नाही.

२७ जानेवारी

आमिनाला फोन करून सगळं सविस्तर सांगितलं. टाळ्यांपर्यंत तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, गवत म्हणालीस? मी म्हणाले, भावार्थ पोचला. ती म्हणाली, गवत म्हणालीस का? मी म्हणाले, आवाज तुटतोय. ती म्हणाली, सोय म्हणजे काय सोय, एवढं तरी विचार त्यांना.

रेंज खरोखरच कमी होती.

१६ फेब्रुवारी, रविवार

कुलदीपचा फोन. ई-क्लासवर 'पक्षी उद्यान' होणार. निधीही मिळाला, गावाचा हिस्सा बचत गटाच्या बायांनी गोळा केला. मला म्हणाला, सगळं तुमच्या भाषनानं झालं.

पक्षी उद्यान! बहुधा एक छोटा मनोरा, लाकडी बाक, माहितीफलक. माहितीफलकाला माझी तुलना लागेल. पुस्तिका आता पुरी करायलाच हवी. आज बसणार होते, पण आनंदात हात चालत नाही.

आमिनाचे दोन मिस्ड कॉल. उचलले नाहीत. आनंदाच्या दिवशी कशाला.

२३ फेब्रुवारी, रविवार

माळावर गेलो. लांबूनच आवाज आला. जेसीबी.

पूर्ण माळभर खड्डे. ओळीत, दोरी लावून. मधलं गवत खरडून काठाला ढीग घातलेले. बाया डोक्याला रुमाल बांधून दगड वेचत होत्या, गाणी म्हणत होत्या. मला पाहून पार्बताबाई धावत आल्या. दोन्ही हात हातात घेतले, मातीचे हात. म्हणाल्या, ललिताबाई, आता नाई झोपनार तुमचे पाखरं उघड्यावर. कडुलिंब हाये, करंज हाये, वड हाये. येकयेकाले येकयेक झाड. पावसायात लावतो अन् दोन वर्सात सावली होते, पाहा तुमी.

मी सांगणारच होते. तोंडापर्यंत आलं होतं की पार्बताबाई, हे पक्षी झाडावर झोपत नाहीत, यांना हेच लागतं जे तुम्ही खरडलंत. पण तेवढ्यात चहा आला. मग कुणीतरी फोटो काढायला लागलं. मग माझा घसा बसला, त्या धुळीने. आणि ऐंशी बाया रविवार सोडून राबत असताना त्यांच्या तोंडावर असं बोलणं हे आपल्या संस्कारात नाही. सिस्टर म्हणायच्या, काइंडनेस फर्स्ट, गर्ल्स.

सावकाश, योग्य वेळी, कुलदीपला एकट्याला सांगेन. पावसाळ्याला अजून वेळ आहे.

धर्मपाल गाडीत म्हणाला, सांगितलं काहून नाई तू? मी म्हणाले, तुझं गाव आहे, तू सांगायचंस. तो म्हणाला, भाषन कोनं देल्लं?

संध्याकाळपर्यंत थांबलो. भोवत्ये आले. वर घिरट्या घातल्या, बराच वेळ. उतरले नाहीत.

२४ फेब्रुवारी

उद्या कुलदीपला फोन.

२ मार्च

कुलदीपला फोन केला. म्हणाला, म्याडम, पेपरात तुमचा फोटो आला, पाहला का? फोटो पाहायला गेले आणि मूळ विषय राहून गेला. फोटोत मी बरी आले आहे. मागे जेसीबी आहे, त्याचं टोक जरा मध्ये येतं.

१५ मार्च

यंदा भोवत्ये लवकर परत गेले. हवामान बदलतं आहे, कझाकस्तानात ऊब लवकर आली असावी. याचा दुसरा काही अर्थ काढू नये.

११ एप्रिल

आमिनाने शेवटी कुठूनतरी पेपरातला फोटो पाहिला. फोन केला. मी आवाज आधीच चढवून ठेवला होता. पण ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, लल्ली, सोलर असतं तर निदान कंपनीला शिव्या देता आल्या असत्या.

मी फोन ठेवला.

त्याच झटक्यात कुलदीपला फोन केला आणि सांगितलं. नीट, स्पष्ट. म्हणाले, त्यांना झाडं नकोत, गवतच पाहिजे. तो ऐकत होता. मग म्हणाला, म्याडम, तुमीच तं रडून राहिल्या होत्या, पाखरं उघड्यावर झोपतेत म्हणून. आता बायाईनं पैसे देल्ले. मी आता त्याईले काय सांगू, पाखराईले उघड्यावरच आवडते?

मी म्हणाले, हो, तसंच सांग.

तो म्हणाला, तुमी या अन् तुमी सांगा.

जायचं ठरलं आहे. ऊन उतरलं की.

१२ जून

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आठवडा झाला. आज पट्टीशिवाय पाहिलं. घरातल्या भिंती पांढऱ्या आहेत, मला पिवळ्या वाटायच्या. धर्मपाल बराच म्हातारा झाला आहे. त्याला तसं म्हणाले. म्हणाला, चांगला डोक्टर भेटला तुले, आता सारंच क्लियर दिसन.

मोबाइलमधले मागच्या वर्षीचे फोटो काढून बसले. कॉलर नाही. एकालाही नाही. सगळ्या मोंटेग्यू. नोव्हेंबरचा तो पहिला फोटोसुद्धा.

मोबाइलमधले फोटो काही महिन्यांनी बदलतात का, अश्विनला विचारायचं.

६ जुलै, रविवार

लागवड झाली. मंडप, स्पीकर, डीजे. मला मधल्या खुर्चीवर बसवलं. सांगायला गेले होते, खरंच. कागदावर एकच वाक्य लिहून नेलं होतं. आधी सत्कार झाला. शाल, नारळ, आणि काचेचं एक झाड, त्यावर सोनेरी अक्षरांत 'वृक्षमाता ललिताताई'. पार्बताबाईंनी शाल पांघरली आणि कानाशी म्हणाल्या, माह्या पोरीच्या लग्नातबी मी इतकी खूश नव्हती.

मग माईक माझ्या हातात आला.

मी आभार मानले.

मंडपाच्या बाजूला पहिल्या खड्ड्यात माझ्या नावाचं कडुलिंब लावलं. पत्र्याची पाटी, लाल रंगात नाव. ललिताताई. मागे ओळीच ओळी. प्रत्येक रोपाला काठी, प्रत्येक काठीला सुतळी. इतकं नीटनेटकं काम मी आयुष्यात पाहिलं नाही.

परत येताना धर्मपालने गाडी सरळ घरी आणली. आलूबोंड्यालाही थांबला नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

रोपं जगली. कुलदीपने व्हिडिओ पाठवला. नव्वद टक्के, म्हणतो. बाया पाळीपाळीने पाणी घालतात, पार्बताबाई दुसऱ्याच्या पाळीलाही जातात. इतर गावांत लावलेली झाडं महिन्यात मरतात. आमचीच नेमकी जगायची होती.

दुसऱ्या बाजूने विचार केला तर भोवत्ये हुशार असतात, जुळवून घेतील. शेवटी निसर्ग आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

आमिना आली. मी बोलावलं नव्हतं. बडनेऱ्याहून फोन केला, उतरलेय, घ्यायला ये. आम्ही दोघी आणि धर्मपाल माळावर गेलो. बांधावर बसलो. पाऊस चांगला झाला होता, रोपं कमरेएवढी झालेली, ओळींच्या मधली जागा निंदून स्वच्छ. एक काडी गवत नाही. बायांनी मनापासून केलं आहे.

आमिना काही बोलली नाही. मी वाट पाहत होते. पन्नास वर्षांत ती मला काही बोलली नाही असं कधी झालं नव्हतं.

सूर्य बुडताना एक भोवत्या आला. एकटाच. नर. मी दुर्बीण लावली, नव्या डोळ्याला. राखी-पांढरा, जवळजवळ चांदीसारखा. पंखाच्या टोकाला काळी बारीक पाचर, बस तेवढीच. पंखावर मोंटेग्यूची ती काळी पट्टी नाही. पोटावर तांबूस रेघा नाहीत. पुस्तकात असतो तसाच. तो खाली आला, रोपांच्या ओळींवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला, वळला, परत आला. पुन्हा गेला. पुन्हा आला. जागा तीच आहे हे त्याला माहीत होतं. उतरायला पाय खाली सोडले, काठ्यांमध्ये, आणि वर घेतले. मग अंधाराकडे निघून गेला.

आमिना म्हणाली, पांढुरका.

मी जिंकले.

१६ नोव्हेंबर, रविवार

उद्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही, अर्ध्या तासात घरी. अश्विन म्हणाला, येऊ का? धर्मपाल म्हणाला, अरे मोतीबिंदू हाये, काई हार्ट नाई. तरी लिहून ठेवते, माणसाचा भरवसा नसतो.

शाल पार्बताबाईंना द्यावी. गरम आहे, पहाटे पाणी घालायला जातात, थंडीत उपयोगी पडेल. नारळ तेव्हाच वाढवला, तो प्रश्न नाही. काचेचं झाड कुलदीपला पंचायतीच्या कपाटात ठेवायला द्यावं, नाव पुसता आलं तर पुसून. दुर्बीण आमिनाला. तिच्याकडे हिच्यापेक्षा चांगली आहे, तरी तिलाच. नको म्हणाली तर ठेवून यावी आणि गाडीची वेळ झाली म्हणावं. पक्ष्यांची पुस्तकंही तिलाच. पुस्तिकेचं मुखपृष्ठ आणि अर्पणपत्रिका रद्दीत. अर्पणपत्रिकेत तिचं नाव आहे, ते तिला कळवू नये.

धर्मपालला माझा चष्मा. आता लागणार नाही, फ्रेम चांगली आहे.

राहिलं कडुलिंब. ते कोणाला देता येत नाही, गावाच्या जमिनीत आहे. त्याला पाणी घालू नये. बाकीच्यांचं मी काही म्हणत नाही, ती बायांची आहेत, पण निदान त्या एका खड्ड्याची जागा गवताला सुटली तर सुटेल. पाटी काढून टाकावी आणि पाणी बंद करावं.

पार्बताबाईंना मात्र हे मी सांगितलं असं कळू देऊ नये.